चांदीचं पान: शोभेचं की कामाचं?

प्रश्न असा आहे: "निसर्गातून आकार घेतलेली, हाताने घडवलेली चांदीची भांडी घ्यायची आहेत. पानाच्या आकाराची एक मोठी थाळी, डहाळीसारख्या दांड्याचे सहा चमचे आणि पाण्याचा एक जग. ही भांडी रोजच्या वापरात टिकतात का, की नुसती शोभेची? हातघडण खरी आहे हे कसं ओळखायचं? आणि काळी पडतात त्याचं काय करायचं?"

टिकतात. पण सगळी नाही, आणि कुठली टिकतील हे फोटोवरून किंवा किमतीवरून कळत नाही. माझा ठोकताळा एकच आहे: त्या भांड्यातला निसर्ग काही काम करतो का ते बघायचं. पानाची शीर पत्र्याला ताठपणा देते का, देठ हातात नीट बसतो का, पाकळीच्या टोकावरून धार स्वच्छ पडते का. तसं असेल तर ते भांडं घडवणाऱ्याने पान आणि भांडं दोन्ही समजून घेतलेत. साध्या थाळीच्या कडेला चार पानं आणि एक चतुर (पंखवाला कीटक) आणून डकवला असेल, तर ती थाळी दोनचार वेळा कौतुकाने बाहेर निघेल आणि मग कपाटात जाऊन बसेल. पहिल्यांदा तुटेल तोही तो चतुरच.

हे का, ते समजायला धातूपासून सुरुवात करावी लागते. शुद्ध चांदी भांड्यांसाठी फार मऊ, म्हणून बहुतेक भांडी ९२५ च्या चांदीची असतात: हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं सहसा तांबं. तीसुद्धा ताव दिल्यावर इतकी नरम पडते की एक मिलिमीटरचा पत्रा हाताने वाकवता येतो. ठोकत गेलं की ती कडक होत जाते आणि त्यापुढेही ठोकलं की तडकते. म्हणून मध्येमध्ये ताव द्यायचा, म्हणजे साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पुन्हा नरम करायची. हे तापमान डोळ्याने ओळखायचं असतं, मंद लालीवरून. ही चांदी ८०० अंशांच्या जरा वर गेली की वितळायला सुरुवात होते, म्हणजे चुकायला फारशी जागा नाही. त्यामुळे चांदीकाम करणाऱ्याची ताव द्यायची जागा नेहमी अंधारी असते. उन्हात ती लाली दिसतच नाही.

सपाट पत्रा कितीही कडक केला तरी लवतोच. त्याला ताठ करायचा सर्वात स्वस्त उपाय म्हणजे त्यात घडी पाडणं, कड उलटवणं किंवा त्याला वाक देणं. झाडाच्या पानाची अडचण अगदी हीच असते: पातळ पसरट अंग हवेत धरून ठेवायचं. मधली जाड शीर, तिच्यातून फुटणाऱ्या उपशिरा, किंचित वर वळलेली कड, टोकाकडे खाली झुकलेला वाक, हे सगळं ते अंग सावरण्यासाठी. म्हणूनच चांगलं घडवलेलं चांदीचं पान कमी वजनातही ताठ राहतं. नुसत्या कोरलेल्या रेघांचं पान तेवढ्याच जाडीत लवतं.

याचं सर्वात सुंदर उदाहरण म्हणजे फोल्ड फॉर्मिंग. चार्ल्स ल्यूटन-ब्रेन यांनी १९८० च्या दशकात ही रीत पद्धतशीर मांडली, आणि आज छोट्या ताटल्या, चमचा टेकवायची पानं, मिठाच्या वाट्या करणारे बरेच कारागीर तीच वापरतात. ताव दिलेला पातळ पत्रा मधोमध दुमडायचा. दुमड एका बाजूला ठेवून अर्ध्या पानाचा आकार कापायचा. मग दुमडलेली कड ऐरणीवर ठेवून टोकापासून देठापर्यंत ठोकत यायचं. ठोकलेली कड पसरते आणि लांबते, उघडी कड होती तेवढीच राहते, त्यामुळे अख्खा तुकडा आपसूक एका बाजूला वळायला लागतो. पुन्हा ताव द्यायचा, थंड करायचा आणि दोन पदरांमध्ये बोथट सुरी सरकवून पान उघडायचं. आत मधली शीर उभी असते, दोन्ही बाजू थोड्या उचललेल्या असतात, आणि पाठीला असा वाक आलेला असतो की तो कागदावर आधी काढायला सांगितला तर मला जमणार नाही. शीर कोणी कोरलेली नसते, ती दुमडीतूनच निघते, आणि वस्तूतली सर्वात कडक जागाही तीच असते.

मोठ्या थाळीला मात्र ही रीत पुरत नाही. तिथे राळेवरचं उठावाचं काम येतं, आणि तुमच्या थाळीसाठी मी तेच मागायला सांगेन. साधारण १ ते १.२ मिलिमीटरचा पत्रा घेऊन राळ गरम करून तिच्यावर बसवतात. राळेचा गुण असा की छिन्नीखाली ती दबते पण पत्र्याला सोडत नाही. या छिन्न्यांना धार नसते. त्या धातू कापत नाहीत, ढकलतात. आधी पुढच्या बाजूने शिरांच्या रेघा पाडायच्या, मग पत्रा राळेवरून उचलायचा, चिकटलेली राळ काढायची, ताव द्यायचा, उलटा बसवायचा, मागून फुगवटा आणायचा, पुन्हा सगळं काढून पुढून आकार पक्का करायचा. एका थाळीला असे कितीतरी फेरे होतात. घडणावळ धातूच्या किमतीच्या वर का जाते, असं जे विचारतात त्यांनी हे काम एकदा तासभर बसून पाहावं.

या रीतीत आज काय करता येतं ते बघायचं असेल तर मायकल लॉइड यांचे पेले आणि वाडगे बघा. स्कॉटलंडच्या संसदेचा १९९९ चा राजदंड घडवणारे तेच. त्यांची पानं-फुलं भांड्याच्या भिंतीतूनच उठलेली असतात, वरून काही जोडलेलं नसतं. उठावही फार उंच नसतो. हा मुद्दा टेबलावरच्या भांड्यात फार महत्त्वाचा आहे. खोल, अरुंद खाचेत अन्न अडकतं, फडकं पोचत नाही, आणि आठवड्याभरात तिथे हिरवट-काळा थर दिसायला लागतो. माझा साधा नियम: ज्या बाजूवर अन्न येणार त्या बाजूची प्रत्येक खाच खोलीपेक्षा रुंदीला जास्त आणि तळाला गोल हवी. बोटाचं टोक फिरवून बघा. बोट तळाला टेकलं तर फडकंही टेकेल.

आता हातघडण ओळखण्याबद्दल. थाळी उलटी करा. उठावाच्या कामात पुढचा फुगवटा मागे खोलगट दिसतो, पुढची रेघ मागे उंचवट्याने दिसते, आणि त्यात छिन्नीचे छोटे छोटे टप्पे नजरेला लागतात. मागची बाजू अगदी गुळगुळीत, पुढच्याशी काही संबंधच नसलेली असेल तर ती वस्तू ओतलेली आहे. पुढे-मागे तंतोतंत जुळणारी, कड सगळीकडे सारख्या जाडीची आणि रेघा यंत्रासारख्या एकसमान असतील तर ती यंत्राच्या ठशात (डायमध्ये) दाबलेली असण्याची शक्यता जास्त. एक इशारा: हातोडीचे ठसे दिसले म्हणजे हातघडण, असं समजू नका. ते ठसे रोलरनेही उमटवता येतात. खऱ्या मठारकामात ठसे आकाराबरोबर वळतात. पोटाजवळ मोठे, गळ्याशी लहान, कडेला अरुंद. छापलेले ठसे सगळीकडे एकाच मापाचे असतात.

ओतकामाला मी कमी लेखत नाही. उलट निसर्गाच्या बाबतीत त्याचा इतिहास फार दांडगा आहे. खऱ्या गवताचे, सरड्यांचे, किड्यांचे थेट साचे घेऊन चांदीत ओतायची कला वेंझेल याम्निट्झर याने १६ व्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गला शिखरावर नेली. त्याचं १५४९ चं, मेर्केल या नावाने ओळखलं जाणारं शोभापात्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, त्यावरची गवताची पाती आणि फुलं बघून आजचा कारागीरही गप्प होतो. पण ती मेजाच्या मध्यभागी ठेवायची, पाहुण्यांनी थक्क व्हायची वस्तू. लंडनमध्ये निकोलस स्प्रिमोंने १७४२-४३ च्या सुमारास खेकड्यांची आणि शिंपल्यांची मिठाची पात्रं केली, ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहेत. त्यातला शिंपला मला जास्त आवडतो, कारण शिंपला मुळातच वाटी आहे. त्याच्याकडून वेगळं काही करून घ्यावं लागत नाही.

आजही खरं पान चांदीत ओततात. पान साच्याच्या मिश्रणात पुरायचं, भट्टीत ७०० अंशांच्या पुढे जाळून टाकायचं आणि उरलेल्या पोकळीत चांदी ओतायची. ऐकायला सोपं वाटतं. पण पान इतकं पातळ असतं की चांदी कडेपर्यंत पोचायच्या आत गोठते. म्हणून आधी पानाच्या पाठीवर कुंचल्याने मेणाचे थर द्यावे लागतात, विशेषतः कडेला आणि देठाच्या जोडाला. पुढच्या बाजूला मात्र मेणाचा थेंबही जाऊ द्यायचा नाही, नाहीतर शिरा बुजतात. जाड बी किंवा शेंग असेल तर जळल्यावर राख आत राहते आणि ओतकामात खड्डे पडतात. असं थेट ओतलेलं पान एकच निघतं, कारण मूळ पान जळून गेलेलं असतं.

पण बाजारात दिसणारी बहुतेक ओतीव पानं अशी नसतात. एका चांगल्या पानावरून रबराचा साचा करतात, त्यातून मेणाच्या कितीही प्रती काढतात आणि त्या ओततात. यात लबाडी नाही, फक्त ते एकमेव म्हणून विकलं जाऊ नये. ओळखायची खूण गंमतशीर आहे: सहा पानांच्या संचात प्रत्येक पानाला किडीने खाल्लेलं भोक त्याच जागी असेल, तर सहाही एकाच साच्यातली. किडा इतका शिस्तीचा नसतो.

आणखी एक प्रकार विजेच्या साहाय्याने थर चढवण्याचा. खऱ्या पानाला वीजवाहक रंग लावून त्यावर धातूचा थर बसवतात. शीर न शीर उमटते, दिसायला अप्रतिम. पण थर पातळ असतो, बऱ्याचदा आत तांबं आणि वर चांदीचा मुलामा असतो. भिंतीवर लावा, मेजाच्या मध्यभागी ठेवा. त्यावर अन्न वाढू नका. मुलामा झिजला की खालचं तांबं उघडं पडतं आणि आंबट पदार्थाशी त्याची गाठ पडते. विक्रेत्याला सरळ विचारा: अंग भरीव चांदीचं आहे की मुलाम्याचं? गोलमोल उत्तर आलं तर समजून घ्या.

वजन हीसुद्धा चांगली तपासणी आहे, आणि तिला कुणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. ९२५ च्या चांदीची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १०.४ ग्रॅम. म्हणजे २० सेंटिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची सपाट चकती साधारण ३२५ ग्रॅम भरते, अर्धा मिलिमीटर असेल तर त्याच्या निम्मी. तुमची थाळी तेवढ्या आकाराची असून दीडशे ग्रॅमच भरत असेल, तर ती फारच पातळ आहे. शिरा कितीही छान असल्या तरी हातातून एकदा सुटली की तिला पोचा पडणार. उलट बाजूही आहे: पेल्यांचे, मेणबत्तीच्या स्टँडचे तळ कधीकधी सिमेंट, राळ वगैरे भरून जड करतात. तिथे वजनावर जाऊ नका.

चमच्यांकडे येते, कारण डहाळीच्या दांड्याचे चमचे ही सर्वात फसवी वस्तू आहे. फोटोत मोहक दिसतात. गाठी, साल, एखादी कळी. पण चमचा हे हत्यार आहे. वाटी आणि दांडा जुळतात त्या मानेला सगळा ताण येतो, आणि नेमकी तिथेच डहाळी बारीक असते. ओतलेली चांदी ठोकलेल्या चांदीपेक्षा बरीच मऊ असते. ठोकून कडक केलेल्या ९२५ चा कडकपणा नरम अवस्थेच्या जवळपास दुप्पट होऊ शकतो. म्हणून पूर्ण ओतीव डहाळीचा चमचा घट्ट पदार्थात घातला की मानेत वाकतो. चांगला कारागीर उलट्या बाजूने जातो. चांदीची सळई घेऊन एक टोक ठोकून पसरवतो, त्याची वाटी करतो, मान ठोकून कडक करतो, आणि डहाळीपण फक्त दांड्याच्या वरच्या भागात आणतो: दोन गाठी, सालीचा पोत, टोकाला कळीचा अंदाज. सहा चमच्यांत प्रत्येकाची गाठ थोडी वेगळ्या जागी असते, पण वाटीचं माप आणि तोल एकच असतो. तोल असा बघायचा: चमचा बोटावर आडवा ठेवा. तो मानेच्या थोडा मागे तोलला गेला पाहिजे. कळीच्या वजनाने शेपटीकडे कलंडत असेल तर ताटातून सारखा घसरत राहील. आणि वाटीची कड ओठाला लावून बघा, सगळ्यांदेखत लाज वाटली तरी. तिथे साल, पोत, शीर काहीही नको.

सुऱ्या मागितल्या नाहीत हे बरं केलंत. चांदी धार धरत नाही, त्यामुळे पातं पोलादाचंच लागतं. दांडा पोकळ चांदीचा असून आत राळ किंवा सिमेंट भरलेलं असतं. तो कढत पाण्यात भिजत पडला की पातं सैल होतं.

जग हा खरा कसोटीचा भाग. चकतीपासून जग उठवणं म्हणजे सपाट पत्रा खरवईवर (ठोकताना आतून धरायच्या लोखंडी आधारावर) धरून बाहेरून हातोड्याने गोल ओळींत ठोकत आकुंचित करत नेणं. एक फेरी तळापासून काठापर्यंत पूर्ण झाली की ताव, मग पुढची फेरी. गळा आवळताना सुरकुत्या पडायला लागतात, त्या पडायच्या आत बसवाव्या लागतात, एकदा दुमडल्या की तिथे चीर ठरलेली. अशा भांड्यावर निसर्ग दाखवायचे दोन मार्ग आहेत. एक, आकारच सजीव करायचा. कोपनहेगनला जॉर्ज जेन्सन यांनी १९०४ मध्ये सुरू केलेल्या कार्यशाळेसाठी हेनिंग कोपेल यांनी १९५२ मध्ये एक जग रेखला. त्यावर एकही पान नाही, फूल नाही. तरी पोटाचा फुगीर वाक आणि वर खेचलेली चोच बघून एखादा पाणपक्षी आठवल्याशिवाय राहत नाही, आणि ती चोचच पाणी ओतते. कोपेल मुळात शिल्पकार, ते तिथे दिसतं. दुसरा मार्ग पृष्ठभागाचा. मूळचे जपानचे हिरोशी सुझुकी शुद्ध चांदीच्या भांड्यांवर हातोड्याने पाण्याच्या लाटा उठवतात, मिरियम हॅनिड यांच्या कामातही वाहतं पाणी असंच भिंतीवरून फिरतं. लाटेची प्रत्येक घडी पत्र्याला ताठ करते, म्हणून ती भांडी मऊ चांदीतही उभी राहतात.

जेन्सन यांच्या स्वतःच्या कामातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९१८ च्या त्यांच्या उंच वाडग्यात वाटी आणि दांडा जिथे भेटतात तिथे द्राक्षांचे घोस लोंबतात. तीच जागा घडवायला सर्वात अवघड आणि बघायला सर्वात उघडी असते, वरच्या रुंद वाटीचा आणि खालच्या बारीक दांड्याचा मेळ तिथेच बसवायचा असतो. घोसांनी ती जागा भरीव आणि नैसर्गिक करून टाकली. निसर्ग नेमका अडचणीच्या जागी आणायचा हा हिशेब अजून तरी कोणी सुधारलेला नाही.

जगाच्या बाबतीत दोन गोष्टी विचारा. कानाचे जोड कशाने केलेत? जोड देताना कॅडमियम असलेली झाळ (वितळवून जोडायचा मिश्रधातू) खाण्यापिण्याच्या भांड्याला अजिबात चालत नाही, आणि प्रामाणिक कारागीर हे न विचारताच सांगतो. आणि त्यात गरम काही ओतणार आहात का? सर्व धातूंमध्ये उष्णता सर्वात वेगाने नेणारा धातू चांदीच. त्यामुळे चहा-कॉफीच्या किटलीला चांदीचा डहाळीदार कान दिसायला कितीही शोभला तरी हात पोळतो. जुन्या किटल्यांना लाकडाचा कान असतो, किंवा चांदीच्या कानात दोन जागी उष्णतारोधक चकत्या घातलेल्या असतात, त्या यासाठीच. पाण्याच्या जगाला हा प्रश्न नाही. उलट गार पाणी भरलं की बाहेरून दव धरतं आणि लाटांचा पोत खुलतो.

आता काळं पडण्याचं. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची क्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो: आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळा. अंडं, कांदा, मोहरी यांत गंधक असतं, रबरातही असतं, म्हणून चमचे रबर बँडने बांधून ठेवू नका आणि वर्तमानपत्रात गुंडाळू नका. मीठ हा वेगळा शत्रू. ते नुसतं डागाळत नाही, चांदी खातं, बारीक खड्डे पडतात. मिठाच्या पात्राला आतून सोन्याचा मुलामा देतात किंवा काचेची वाटी बसवतात ती उगाच नाही. शिंपल्याच्या आकाराचं मिठाचं पात्र घेतलंत तर मीठ रात्रभर त्यात राहू देऊ नका.

सर्वात चांगली निगा म्हणजे वापर. रोज धुवून लगेच कोरडं पुसलेलं भांडं फारसं काळवंडतच नाही आणि हळूहळू त्यावर बारीक ओरखड्यांची एक मऊ झाक येते, जी नव्या चकचकीत जिल्हईपेक्षा मला कितीतरी बरी वाटते. भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नका. कडक साबण, उष्णता आणि शेजारचं स्टील या तिघांचा मारा चांदीला सोसत नाही. ॲल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा ही युक्ती तुम्ही ऐकली असेल. ती खरी आहे, त्यात काळा थर पुन्हा चांदीत परततो. पण पानाच्या थाळीवर ती करू नका. शिरांच्या तळाशी कारागिराने मुद्दाम काळेपणा ठेवलेला असतो, त्यामुळेच उठाव डोळ्यात भरतो, आणि ही युक्ती तोही पुसून टाकते. थाळी एकदम सपाट, निर्जीव दिसायला लागते. अशा कामाला मऊ फडकं, तेही फक्त उंचवट्यांवरून.

पोताचा इथे मोठा फायदा आहे. इंग्लंडमध्ये जेरल्ड बेनी यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात झाडाच्या सालीसारखा पोत चांदीवर रूढ केला, आणि तो लोकप्रिय होण्याचं एक कारण अगदी व्यवहारी होतं: अशा पृष्ठभागावर बोटांचे ठसे आणि ओरखडे कळत नाहीत. आरशासारखं गुळगुळीत चांदीचं ताट म्हणजे रोजची डोकेदुखी. जगाच्या कानाला, चमच्याच्या दांड्याला, थाळीच्या बाहेरच्या अंगाला पोत मागा. अन्न लागतं तिथे गुळगुळीत, हात लागतो तिथे पोत.

काळवंडण्याचा फारच कंटाळा असेल तर जर्मेनियम मिसळलेली चांदी मिळते. पीटर जॉन्स यांनी मिडलसेक्स विद्यापीठात १९९० च्या दशकात ती विकसित केली आणि ती आर्जेंटियम नावाने विकली जाते. ती हळू काळी पडते आणि तापवताना पृष्ठभागाखाली तांब्याचा जांभळट डागही धरत नाही, जो नेहमीच्या ९२५ ला छळतो. तो डाग जिल्हईनंतर ढगासारखा दिसतो आणि घासून काढायचा तर नाजूक उठावही त्याबरोबर झिजतो. बारीक शिरांच्या कामाला म्हणून ही चांदी सोयीची. मात्र लाल तापलेली असताना ती नाजूक असते, हलवली तर मोडते, त्यामुळे सगळे कारागीर तिला हात लावत नाहीत. त्यावरून कारागिराची पारख करू नका.

काम सांगताना एखादी वनस्पती ठरवा आणि तिची एकच अवस्था ठरवा: उमलायच्या आधीची कळी, वाळून सुरकुतलेलं पान, फुटलेली शेंग. "निसर्ग" असं मोघम सांगितलंत तर थाळीवर पानं, चमच्यावर फुलपाखरू आणि जगावर द्राक्षवेल येईल, आणि तिन्ही वस्तू एकमेकींशी भांडतील. वाळलेल्या पानाचा मी नेहमी आग्रह धरते, कारण ते आधीच वाटीसारखं वळलेलं असतं आणि त्याच्या कडा ताठ असतात. हिरवं सपाट पान थाळी व्हायला फारसं राजी नसतं. चित्राबरोबर कागदाचा किंवा तांब्याच्या पत्र्याचा नमुना मागा. तांबं चांदीसारखंच वागतं आणि स्वस्त असतं, त्यामुळे बहुतेक कारागीर पहिला नमुना त्यातच करतात. नमुना हातात घेऊन जड थाळी एका हाताने उचलता येते का, जग पूर्ण भरल्यावर मनगटाला झेपतो का, हे तिथेच बघून घ्या. शुद्धतेचा शिक्का, पत्र्याची जाडी, अंदाजे वजन आणि कुठला भाग ओतीव, कुठला घडीव, हे लिहून घ्या. ओतकाम किंवा लेथवर गोलाई काढण्याचं काम कारागीर बाहेरून करून घेतो, त्यात काही वावगं नाही.

पुढे कधी पानाचं टोक वाकलं किंवा चमचा पडून वळला, तर घरी सरळ करायला जाऊ नका. ती जागा ठोकून कडक झालेली असते, उलटी वाकवली की तिथेच चीर जाते. ज्याने घडवलं त्याच्याकडेच पाठवा. त्याला कुठल्या सांध्यात कुठली झाळ आहे ते माहीत असतं, कोणता सांधा तापवायचा आणि कोणता ओल्या चिंध्यांनी झाकून थंड ठेवायचा हेही ठाऊक असतं. दुसऱ्याकडे नेलंत तर आधी लिहून घेतलेला तो कागद बरोबर द्या.